थायरॉईडच्या पेशीवरची एकटी सिलिया

थायरॉईडची स्लाइड विद्यार्थ्यांना दाखवताना मी वर्षानुवर्षे एकच वर्णन करत आले: एकपदरी पेशींनी वेढलेली गोलसर फॉलिकल्स, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, आणि त्यांच्या पोकळीत साठलेले गुलाबी कोलॉइड, म्हणजे घट्टसर द्रव. या वर्णनातून एक रचना निसटते, कारण नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात ती ओळखू येत नाही. फॉलिकलच्या बहुतेक पेशींच्या माथ्यावरून जेमतेम काही मायक्रोमीटर लांबीची एकेकच प्राथमिक सिलिया, म्हणजे केसासारखा बारीक तंतू, कोलॉइडमध्ये शिरलेली असते. ती पाहायची तर ॲसिटिलेटेड ट्युब्युलिन या सिलियातील प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरावी लागतात.

श्वासनलिकेतल्या सिलिया सतत हलून कफ वर ढकलतात. ही मात्र साधारणपणे स्थिर असते. शरीररचनाशास्त्रज्ञ झिमरमान यांनी 1898 मध्ये तिचे वर्णन केले, तरी पुढे कित्येक दशके तिला उत्क्रांतीत मागे राहिलेला निरुपयोगी अवशेष समजले गेले, याची मला आजही खंत वाटते. पेशीबाहेरचे संदेश टिपणे हे तिचे काम आहे. ती ज्या सेंट्रिओलवर (पेशीतल्या नळीसारख्या सूक्ष्म रचनेवर) उभी असते, तोच पेशीविभाजनातही लागतो, म्हणून विभाजनापूर्वी पेशी तिला आत ओढून घेते. कर्करोगाच्या संशोधकांचे लक्ष तिच्याकडे वळण्याचे हे एक कारण.

दक्षिण कोरियातील संशोधकांनी उंदरांच्या केवळ थायरॉईडमधून, सिलिया बांधण्यासाठी आवश्यक असलेले आयएफटी88 हे जनुक काढून टाकले. फॉलिकल्स वेडीवाकडी फुगली आणि वय वाढलेल्या उंदरांत पॅपिलरी (बोटांसारख्या उंचवट्यांच्या) व भरीव स्वरूपाच्या, कर्करोगाची लक्षणे असलेल्या गाठी आढळल्या. माणसांत मायटोकॉन्ड्रियांनी (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांनी) गच्च भरलेल्या हर्थल पेशींच्या गाठींमध्येही सिलिया कमी झालेल्या दिसतात. नेहमीच्या पॅपिलरी कर्करोगात मात्र त्या बऱ्याचदा टिकून असतात. त्यामुळे ‘सिलिया गेली की कर्करोग झाला’ असे समीकरण मांडणे मला चुकीचे वाटते, आणि मानेतली गाठ तपासायला आजही सोनोग्राफी व सुईने पेशी काढून केलेली तपासणी हेच मुख्य मार्ग आहेत.

त्याच चमूने 2021 मध्ये दाखवले की थायरॉईड कर्करोगाच्या पेशींतून सिलिया नाहीशी केल्यास त्या मायटोकॉन्ड्रियांच्या मार्गाने स्वतःच मरू लागतात. म्हणजे निरोगी ग्रंथीत जिच्या अभावाने गाठी उद्भवल्या, तीच कर्करोगाच्या पेशीला जगायला मदत करत असावी, आणि म्हणून सिलियावर बेतलेल्या उपचाराचा विचार करताना ती वाचवायची की काढायची, हे त्या त्या पेशीची अवस्था पाहूनच ठरवावे लागेल.