स्पीकरपासून उलटं: जुना हेवी मेटल टोन घरी उतरवताना

घरी उतरवायला गिटारचे चार टोन निवडले होते: ब्लॅक सॅबथ बँडचा १९७१चा, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा मार्शल ॲम्पवाला ब्रिटिश, मेटॅलिकाचा १९८६चा आणि स्टॉकहोमचा १९९०चा. सामान साधंच. हंबकर पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या दुहेरी वेटोळ्याची) एक गिटार, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारा डबा), संगणकातले ॲम्प आणि स्पीकरचे आयआर. आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, स्पीकर, माइक आणि खोली यांचा मिळून घेतलेला ठसा. सुरुवातीचा सगळा वेळ ॲम्प बदलण्यात गेला. दर वेळी आवाज वेगळा यायचा, पण हव्या त्या आवाजाच्या जवळ काही सरकायचा नाही. शेवटी क्रम उलटा केला: आधी कान, मग स्पीकर, मग ॲम्प, आणि पेडल सगळ्यात शेवटी.

कानाचं काम म्हणजे मूळ रेकॉर्डवर गिटार नेमकी कशी आहे ते शोधणं. जिथे गिटारी डाव्या-उजव्या टोकांना बसवल्या आहेत अशा रेकॉर्डवर एक जुनी युक्ती चालते. दोन्ही चॅनल वेगळे करायचे, एकाची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे तरंगाचे चढ ते उतार करायचे, आणि दोन्ही मोनोत मिसळायचे. मधोमध बसलेलं सगळं, म्हणजे गायक, किक, स्नेअर, बेस गिटार, एकमेकांना खाऊन टाकतं आणि गिटारी बऱ्यापैकी उघड्या पडतात. झांजा आणि रिव्हर्ब मात्र मागे राहतात, म्हणून ६ किलोहर्ट्झच्या वर जे ऐकू येतं त्यावर मी विश्वास ठेवला नाही. मूळ गाणं ८ ते १० डेसिबल खाली आणून मगच तुलना केली. मास्टर झालेलं गाणं मोठं वाजतं, आणि मोठं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं.

उघड्या गिटारी ऐकल्यावर पहिला धक्का गेनचा, म्हणजे ॲम्प सिग्नल किती वाढवून फाडतो त्याचा, बसतो. एवढाच? पूर्ण बँडमध्ये जो आवाज भिंतीसारखा वाटतो, तो एकटा ऐकला तर बराच स्वच्छ असतो, मधल्या पट्टीने भरलेला आणि थोडासा नाकातला. मॅच इक्यूचा मोहही झाला, म्हणजे मूळ गाण्याचा फ्रिक्वेन्सीचा आलेख मोजून तो आपल्या गिटारवर चढवणारं प्लगइन. चढवून पाहिलं, तर गिटारवर झांजांचा आलेख चढला.

आता स्पीकर. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. ॲम्पमधून निघणारी कर्कश किरकिर तोच गाळतो. आयआर बंद करून नुसता ॲम्प ऐका, डब्यात माशा कोंडल्यासारखा आवाज येतो. टोनच्या रूपरेषेचा मोठा भाग इथेच ठरतो. तोच ॲम्प तसाच ठेवून फक्त आयआर बदलला, तर ॲम्पचं कुठलंही बटण फिरवून पडणार नाही एवढा फरक पडतो.

निवड करताना काळ पाहावा. बाजारातले बहुतेक मेटल आयआर सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या स्पीकरचे असतात. नावात व्हिंटेज असला तरी तो ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला, २ किलोहर्ट्झच्या आसपास छाती पुढे काढणारा. १९७१ किंवा १९८२चा टोन करायला तो लावला की आवाज आधुनिक होतो आणि मग दोष ॲम्पला दिला जातो. सत्तरच्या टोनसाठी २५ वॉटचा ग्रीनबॅक घेतला: मधली पट्टी खरबरीत, तळ जरा सैल. मार्शलच्या ऐंशीच्या आवाजासाठी जी१२टी-७५: मध्य थोडा बसलेला, वरची धार जास्त.

माइकची जागा स्पीकरइतकीच महत्त्वाची. एसएम५७ हा माइक मुळातच ५-६ किलोहर्ट्झला उठाव देतो. तो शंकूच्या मधल्या टोपीसमोर ठेवला तर आवाज बोचरा येतो, काठाकडे सरकवला तर मऊ आणि गडद. आयआरच्या संचात याच जागांना आकडे दिलेले असतात. टोपीची कड आणि शंकू जिथे मिळतात तिथला ठसा मी आधी लावतो. तो बोचला की २ सेंटीमीटर बाहेरचा घेतो, इक्यूला, म्हणजे फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या बटणांना, हात लावत नाही.

दोन आयआर मिसळताना मी चांगलाच फसलो. एक तिखट, एक जाड, दोन्ही वेगवेगळे उत्तम, आणि एकत्र केले की पोकळ. कारण साधं आहे. एक माइक दुसऱ्यापेक्षा ५ सेंटीमीटर मागे असेल, तर ते अंतर ३.४ किलोहर्ट्झच्या ध्वनीची बरोबर अर्धी तरंगलांबी होतं. दोन्ही सारख्या पातळीवर असले की गिटार जिथे बोलते तिथेच खड्डा पडतो. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये एक सँपल, म्हणजे ध्वनीचं एक मोजमाप, हवेतले साधारण ७ मिलिमीटर, त्यामुळे ७ सँपल सरकवले की माप जुळतं. जुळलं का ते तपासायला एका आयआरची पोलॅरिटी उलटी करायची. आवाज सगळ्यात पातळ आणि फुसका होईल ती जागा पकडायची, मग पोलॅरिटी परत सरळ करायची.

इनपुटची बाजू कंटाळवाणी आहे, पण इथली चूक पुढे कशानेच भरून निघत नाही. गिटार हाय-झेड किंवा इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावायची, त्याचा अडथळा (इम्पीडन्स) साधारण १ मेगाओम असतो. लाइन इनपुटला लावली तर पिकअपवर भार येतो आणि वरचा आवाज मरतो. पातळी अशी ठेवली की सगळ्यात जोरात मारलेला पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेला दबका सूर) उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील. ही पातळी नुसती सुरक्षिततेसाठी नाही. संगणकातल्या ॲम्पला ती खऱ्या ॲम्पच्या इनपुटसारखीच लागते. ६ डेसिबल जास्त दिले की गेनचं बटण न फिरवताही ॲम्प वेगळाच वागतो, म्हणून प्लगइनने सांगितलेली इनपुट पातळी आधी वाचावी. बफर, म्हणजे संगणक एका घासात घेतो तो सिग्नलचा तुकडा, ४८ किलोहर्ट्झवर १२८ सँपल ठेवला तर एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंद होतो. जाऊन-येऊन १० मिलिसेकंदांच्या आत राहिलं तर उजवा हात गोंधळत नाही. ॲम्पआधीचा कोरा सिग्नल दर वेळी वेगळा साठवला, त्यामुळे ॲम्प आणि आयआर बदलताना पुन्हा वाजवावं लागलं नाही.

खरा ट्यूब ॲम्प घरात असेल आणि त्याचा आवाज कॅबिनेटशिवाय घ्यायचा असेल, तर लोड बॉक्स, म्हणजे स्पीकरच्या जागी ॲम्पचा भार घेणारा डबा, हवाच. स्पीकर किंवा लोडशिवाय ट्यूब ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

सॅबथचा टोन सोपा समजलो होतो. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी डावरा. १९६५मध्ये कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या, म्हणजे तारा दाबायच्या हाताच्या, मधल्या दोन बोटांची टोकं गेली. म्हणून पातळ तारा, आणि पुढे १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'च्या वेळी तीन सेमिटोन (अर्धे स्वर) खाली उतरवलेली गिटार. खालची तार सी शार्पला, ६९.३ हर्ट्झवर. मी आजच्या पद्धतीने जाड तारा लावल्या आणि आवाज घट्ट आला, मुद्दाच गेला. ०.००९ इंचाचा संच लावून तीन सेमिटोन उतरवल्यावर तार ढिली लोंबते, मारल्या क्षणी सूर वर जातो आणि मग खाली बसतो. तोच तो जडपणा. ट्यूनरवर तार शांत होण्याची वाट न पाहता मारल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदातला सूर जुळवला.

त्याच्या लेनी ॲम्पआधी रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर होता. मेटलमध्ये तळ वाढवायचा असतो असं वाटतं, पण हे यंत्र नेमकं उलटं करतं: बेस कापून वरचं ढकलतं. त्यामुळे ॲम्प भरपूर फाटला तरी चिखल होत नाही. संगणकातल्या बूस्टरने मात्र कान सोलले. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या खऱ्या बूस्टरचा इनपुट अडथळा कमी असतो, तो पिकअपवर भार टाकून धार खातो. इंटरफेसच्या १ मेगाओमनंतर ते नातं उरतच नाही. गिटारचा टोन ६-७ वर आणला आणि बूस्टरनंतर ४ किलोहर्ट्झच्या वरचं थोडं कापलं, तेव्हा कुठे जमलं. ॲम्पवर गेन ६, मिड ८, बेस ४.

मार्शलवाल्या टोनला वेळ लागला नाही. मार्शलच्या जेसीएम८०० या ॲम्पच्या १०० वॉटच्या मॉडेलमध्ये टोनची बटणं प्रीॲम्पच्या, म्हणजे ॲम्पच्या पहिल्या टप्प्याच्या, फाटण्यानंतर येतात, म्हणून बेस वाढवला तरी फाटणं मळत नाही. गेन ७, प्रेझेन्स ४, बाकी मधोमध. ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल लावला: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन अर्ध्यावर. हा पेडल ७२० हर्ट्झच्या खालचं कमी फाडतो, म्हणून पाम म्यूट घट्ट होतो. ड्राइव्ह वाढवला की ते काम बिघडतं.

मेटॅलिकाचा १९८६चा अल्बम 'मास्टर ऑफ पपेट्स' कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत रेकॉर्ड झाला. त्या गिटारीमागे मेसा बूगीचा मार्क २सी प्लस हा ॲम्प होता. या घराण्यात मार्शलच्या उलट, टोनची बटणं फाटण्याच्या आधी आहेत. बेस ५ वर ठेवला की म्यूट ओल्या गोणपाटासारखा पडतो. तो १ किंवा फार तर २ वर ठेवायचा, ट्रेबल ७, मिड ३. इथे ट्रेबल वाढवणं म्हणजे गेन वाढवणंच. तळ परत येतो तो पुढच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्यूने. पट्ट्या ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झच्या. आकार इंग्रजी व्हीसारखा, पण ७५०ची पट्टी तळापर्यंत नेली नाही. एकट्या गिटारवर ती खोल दरी झकास वाटते. ड्रम सुरू झाले की गिटार गायब. मध्याच्या थोडी खाली, एवढंच पुरलं. बाकीचं उजव्या हाताचं काम: १ मिलिमीटरहून जाड पिक आणि सगळे डाउनस्ट्रोक. खाली-वर वाजवून तोच रिफ रेकॉर्ड केला तेव्हा सेटिंग तीच असूनही टोन वेगळा आला.

गिटार दोनदा वाजवायची, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे लावला तर तो मधोमधच ऐकू येतो. १५ मिलिसेकंद सरकवला तर रुंद वाटतो, पण मोनोत कंगव्यासारखा विंचरला जातो, म्हणजे ठरावीक अंतरांवरच्या फ्रिक्वेन्सी गायब होतात. दोन ट्रॅक एकत्र आले की फाटणं दाट वाटतं, म्हणून एकट्या ट्रॅकवर बरोबर वाटणाऱ्या गेनपेक्षा १० पैकी दीड-दोन अंक कमी केले. चार ट्रॅक लावले तर आणखी कमी. नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर बंद करणारं यंत्र) ॲम्पच्या आधी ठेवला. ॲम्पनंतरचा गेट सूर विझताना शेपूट तोडतो.

स्टॉकहोमचं प्रकरण एका वाक्याचं: बॉस कंपनीचा एचएम-२ पेडल, चारही बटणं पूर्ण. सनलाइट स्टुडिओत झालेल्या एन्टूम्ड बँडच्या १९९०च्या 'लेफ्ट हँड पाथ'मुळे हा करवतीसारखा आवाज ओळखीचा झाला. फक्त इथे ॲम्पचा गेन जवळपास स्वच्छ ठेवावा. पेडलचा उठाव १ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि आधीच फाटलेल्या ॲम्पमध्ये तो विरघळून जातो.

मिक्समध्ये इक्यू मोजकाच. ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापलं. सी शार्पवाल्या ट्रॅकला ६५ वर थांबलो. १० किलोहर्ट्झच्या वर कापलं. ३.५ ते ५ किलोहर्ट्झमध्ये एक अरुंद शिट्टी बहुधा सापडते, ती ३-४ डेसिबल खाली आणली. पाम म्यूटला १२० ते २५० हर्ट्झ फुगतात. तिथे साध्या इक्यूने कापलं तर उघडे कॉर्डही पातळ होतात, म्हणून फक्त त्या पट्टीवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र), जोरात असताना ३ डेसिबल दाबेल एवढाच.

एवढं करूनही गिटार मूळ रेकॉर्डपेक्षा किडकिडीत वाटत होती. उत्तर मेटॅलिकाच्याच १९८८च्या अल्बममध्ये मिळालं. '...अँड जस्टिस फॉर ऑल'वर बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि तिथल्या गिटारी कोरड्या, हाडं दिसणाऱ्या आहेत. बाकी रेकॉर्डवर जी जाडी आपण गिटारची समजतो, तिचा मोठा वाटा बेस गिटारचा असतो. मग बेसचा ट्रॅक २५० हर्ट्झवर दोन भागांत वाटला. खालचा भाग स्वच्छ आणि घट्ट दाबलेला, वरचा भाग ट्यूब स्क्रीमरमधून फाटलेला आणि गिटारींच्या खाली जेमतेम ऐकू येईल एवढा. गिटारीचं एकही बटण न हलवता १९८६चा टोन बसला. आता बेस बंद करून ऐकलं की गिटारी बोचऱ्या आणि उपाशी वाटतात, आणि मी त्या तशाच सोडल्या आहेत.