लपवलेलं टेबल

सकाळी पावणेदहाला स्टोअरच्या ताईंचा फोन आला. "सर, माझ्या हातून काही चुकीचं झालं नाही ना? एक्सेलमध्ये सगळ्यांचे पगार दिसतायत." कुणी ऐकू नये म्हणून आवाज अगदी खाली आणलेला.

भोसरी एमआयडीसीतला कारखाना. त्यांची हजेरी, स्टोअर आणि पगार मी ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये करून दिले होते. फॉर्म आणि रिपोर्टची फाइल ज्याच्या त्याच्या पीसीवर, डेटाची फाइल सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये. पगाराचं टेबल कुणाला दिसू नये म्हणून मी त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'हिडन'वर टिक केली होती. डावीकडची टेबलांची यादी स्टार्टअपलाच बंद, पगाराच्या फॉर्मला पासवर्ड. पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. "पगार सुरक्षित आहेत," असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

तासाभरात तिथे पोचलो. ताईंना महिन्याच्या हजेरीचा पिव्हट, म्हणजे गोषवाऱ्याचा तक्ता, करायचा होता. एक्सेलमध्ये 'गेट डेटा', मग 'ॲक्सेस डेटाबेस', मग झेड ड्राइव्हवरची, म्हणजे सर्व्हरच्या शेअर फोल्डरमधली, डेटाची फाइल. समोर टेबलांची यादी आली, त्यात 'सॅलरी'. रजेची वजावट त्यात असेल असं वाटून त्यांनी टिचकी मारली आणि उजवीकडे नाव, मूळ पगार, उचल, बँक खातं, सगळं उघडं पडलं.

"मी चारच ओळी वाचल्या, लगेच बंद केलं," त्या म्हणाल्या. पण त्या चार ओळींत एक नाव त्यांच्याच महिन्यात लागलेल्या, त्यांच्याच बरोबरीच्या माणसाचं होतं. आकड्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला तो आकडा माहीत होता. दोघांच्या पगारातला फरकही माहीत होता. त्यांच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं.

चूक कुठे होती ते मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्याच कळलं. 'हिडन' ही सूचना फक्त ॲक्सेसच्या खिडकीला असते. फाइलमधला डेटा होता तसाच राहतो. एक्सेलने ती खिडकी उघडलीच नाही, ते थेट फाइलशी बोललं. शिवाय ॲक्सेस चालू असताना शेजारी कोण काय वापरतंय याची नोंद ठेवणारी लॉक फाइल तयार होते, म्हणून त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी सगळ्यांनाच द्यावी लागते. म्हणजे जो प्रोग्राम वापरतो, तो अख्खी फाइल पेन ड्राइव्हवरही नेऊ शकतो.

साहेबांना मी आधी एवढंच सांगितलं की दोष माझा आहे, ताईंनी कळवून उपकार केलेत. मग त्यांच्यासमोर शिफ्ट दाबून प्रोग्राम उघडून दाखवला. स्टार्टअपचे सगळे निर्बंध बाजूला पडले, टेबलांची यादी हजर.

"ते शिफ्ट बंद नाही करता येत?"

येतं, पण दुसऱ्या ॲक्सेस फाइलमधून दोन-तीन ओळींच्या कोडने ते परत चालू करता येतं. डेटाच्या फाइलला पासवर्ड लावला, तर जोडलेल्या टेबलांबरोबर तो पासवर्ड प्रत्येकाच्या पीसीवर उघडा साठवला जातो. फाइलची एसीसीडीई ही बंद आवृत्ती केली तर कोड झाकला जातो, टेबलं तशीच राहतात. एमडीबी या जुन्या फाइल प्रकारात युजरनिहाय परवानग्या होत्या, ॲक्सेस 2007 च्या नव्या फाइल प्रकारात त्याही गेल्या.

त्याच दुपारी पगाराचं टेबल वेगळ्या फाइलमध्ये काढलं आणि ती फक्त अकाउंट्सलाच उघडता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवली. जुन्या फाइलमधून टेबल पुसल्यावर लगेच कॉम्पॅक्ट केलं, म्हणजे रिकामी जागा काढून फाइल नव्याने लिहून घेतली, कारण तोवर पुसलेला मजकूर फाइलच्या पोटातच राहतो. संध्याकाळी निघताना बॅकअप फोल्डर आठवलं. शेअरवर पगारासकट तीन जुन्या प्रती पडून होत्या! घाम फुटला.

पंधरा दिवसांनी सगळा डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरवर नेला. फुकट आहे, बसवलेल्या 2019 च्या आवृत्तीला एका डेटाबेसमागे 10 जीबीची मर्यादा, आणि आमचा डेटा त्यापुढे किरकोळ. तिथेही घाईत सगळ्यांसाठी एकच लॉगिन ठेवून त्याचा पासवर्ड जोडणीतच साठवणार होतो, म्हणजे पुन्हा तीच चूक. वेळीच थांबलो. डोमेन, म्हणजे सगळ्या पीसींची एकत्र लॉगिनची सोय, नव्हतं, म्हणून प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं आणि रोज सकाळी पासवर्ड टाकायला लावला. पहिला आठवडा कुरकुर झाली, ती ऐकून घेतली.

पगाराच्या टेबलावर स्टोअरच्या लॉगिनला कसलीच परवानगी ठेवली नाही. ताईंच्याच पीसीवर, त्यांच्याच लॉगिनने एक्सेल उघडलं. यादीत 'सॅलरी' नव्हतं. एवढ्यावर माझा विश्वास बसणार नव्हता. टेबलाचं नाव हाताने टाकून क्वेरी, म्हणजे डेटा मागणारी आज्ञा, चालवली. सर्व्हरने 229 क्रमांकाची एरर दिली : सिलेक्टची, म्हणजे वाचायची, परवानगी नाही.

मग हजेरीचा एक व्ह्यू, म्हणजे ठरवलेला तेवढाच डेटा दाखवणारी साठवलेली क्वेरी, करून त्यांच्या लॉगिनला वाचायची परवानगी दिली. ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि तो राहून गेलेला पिव्हट करायला घेतला.