पट्टा, सूज आणि धुळ्याचा मे महिना

टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून ते घट्ट करायचं ऑपरेशन, केल्यावर पोट लगेच सपाट होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला संध्याकाळी बघावं. सकाळी ठीक, दिवेलागणीला सलवारीची नाडी रुततेय. डॉक्टर म्हणतात, सूज पूर्ण उतरायला ६ महिने ते वर्ष, व्रण फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष. सध्या तो या कमरेपासून त्या कमरेपर्यंत लालसर, मध्येच दोरीसारखा जाड. बेंबीखाली चिमटा काढला तरी कळत नाही. बारीक नसा कापल्या जातात ना. त्यात ऑपरेशननंतर पोटाला बांधायचा हा घट्ट पट्टा, धुळ्याच्या उन्हात! घामोळ्यांनी जीव नकोसा.

आज सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “पैसा दिसन पोट कापी लिधं, तरी सुजेलच शे!” इतकी हसले की पोट ताणलं गेलं. बाळंतपणांनंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकले होते, व्यायामाने फट बुजेना, तीच आत शिवलीय. हे त्यांना कोण समजावणार?

पश्चात्ताप नाही. पण ‘आधी-नंतर’चे फोटो टाकणाऱ्या बायांनो, हे मधले महिनेही टाका की! उद्या पुतण्याची हळद आहे. साडी जरा वरच नेसेन.