पायाचा लेथ, ओली बाभूळ आणि सोलापूरची हवा

पायाने चालणारा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, बघितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मांड्या भरून येत नाहीत का?" येतात की, बोथट पटाशीने वाळकं लाकूड कातायला उभे राहिलात तर. विजेच्या लेथवर मोटर चुका झाकते, बोथट हत्यारसुद्धा खरवडत खरवडत आकार काढतं. पायाच्या लेथला तेवढा वेगच नाही. खरवडलं की तंतू उपटून येतात आणि लाकडावर लव उभी राहते. इथे लाकूड कापावंच लागतं. त्यामुळे मांडीपेक्षा लाकडातला ओलावा आणि हत्याराची धार यांच्याकडे लक्ष हवं. सोलापुरात तर ओलाव्याकडे जास्तच.

लेथ दोन प्रकारचे. एकात जड चाक आणि ते फिरवणारा वाकडा दांडा (क्रँक) असतो, लाकूड एकाच दिशेने फिरत राहतं. शिलाई मशीनच्या जुन्या स्टँडवर असा लेथ बनवण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याचं चाक हलकं असतं. इंचभर जाडीची बटणं, सोंगट्या, छोटे भोवरे निघतात. दोन इंची बाभळीत पटाशी घातली की चाक जागीच थांबतं. दुसरा प्रकार दोरीचा: लाकडाला वेढे दिलेली दोरी खाली पायडलला आणि वर ताणाला बांधलेली. पाय दाबला की लाकूड पुढे फिरतं, सोडला की उलटं. दाबताना कापायचं, सोडताना पटाशी टेकूवरून (ती टेकवायच्या आडव्या पट्टीवरून) न उचलता केसभर मागे घ्यायची. खर्च कमी, जोर जास्त. सुरुवात याच्यावर करावी.

सांगाडा कुठलाही सुतार एका दिवसात ठोकून देईल. चार फुटी दोन पट्ट्या समांतर, मधे दीड-दोन इंचांची फट, फटीत दोन ठोकळे उभे आणि खालून पाचर मारून घट्ट. पाचरच हवी, कारण प्रत्येक लाकडाच्या लांबीप्रमाणे एक ठोकळा सरकवावा लागतो. लाकूड दोन्हीकडून धरणारी टोकं म्हणून 16 मिमीचे दोन बोल्ट ग्राइंडरवर निमुळते करून घ्या. एक कायमचा बसवलेला, दुसरा आट्यांमधून पुढे-मागे होणारा. टोकांची उंची उभं राहून कोपराएवढी. त्याहून खाली ठेवलीत तर संध्याकाळी कंबर सांगेल. लाकडात टोक बसतं तिथे एरंडेलाचा थेंब टाकायचा. कुईकुई सुरू झाली की तेल संपलं. ओल्या लाकडात टोक हळूहळू आत जातं, तेव्हा अधूनमधून बोल्ट पाव फेरा आवळत राहा. नाहीतर लाकूड डगडगतं आणि दोष पटाशीला दिला जातो.

वरच्या ताणाला वेळू वापरायची पद्धत आहे. दहा-बारा फुटी लवचिक वेळू लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो चिरतो. सायकलची जुनी ट्यूब बरी. मागे दोन उंच खांब उभे करायचे, त्यांच्यात ट्यूब आडवी बांधायची आणि तिच्या मध्यावर दोरी. लेथ मात्र सावलीत ठेवा, उन्हात रबराला तडे जातात. पाय उचलल्यावर पायडल स्वतःहून फूटभर वर यावं, एवढाच ताण पुरे. त्यापेक्षा जास्त आवळलात तर प्रत्येक दाबातला अर्धा जोर ट्यूबच खाऊन टाकते.

दोरी 5-6 मिमीची, विणलेली घ्या. पिळाची लवकर सुटत जाते. लाकडाभोवती दोन वेढे. एक असेल तर घसरते, तीन झाले की एकमेकांवर चढून अडकते. आता सगळ्यात जास्त लोक अडतात ती गोष्ट: पायडलकडे जाणारी दोरी लाकडाच्या आपल्याकडच्या बाजूने उतरली पाहिजे. तरच पाय दाबल्यावर लाकूड पटाशीवर वरून खाली येतं. पलीकडून उतरली तर लाकूड खालून वर जातं, पटाशी उचलली जाते आणि काहीच कापलं जात नाही. दोरी एका बाजूला सरकत असेल तर तिची खालची गाठ वेढ्यांच्या बरोबर खाली आहे का ते बघा. तिरका ओढा दोरीला चालवत नेतो.

आता लाकूड. सोलापूरच्या आसपास बाभूळ आणि वेडी बाभूळ हवी तेवढी. वेडी बाभूळ वाकडीतिकडी असते, पण लेथला दीड फुटाचा सरळ तुकडा पुरतो, आणि तिचं आतलं तपकिरी लाकूड वाळताना फार आकसत नाही. सालीलगतचा पिवळट भाग काढून टाका, त्याला भुंगा लागतो. काटे मात्र जपून. एक काटा ताणाच्या ट्यूबलाही पुरतो. देशी बाभूळ जड आणि चिवट, औतं आणि गाडीची चाकं उगाच तिची करत नसत. ओली असेल तोवर ती कापते, वाळली की पटाशीची परीक्षा बघते.

समजा लाटणं करायचंय. पाच-सहा इंची ओंडका, सोळा इंच लांब, पाचरीने फोडून चार फाका. करवतीने कापू नका. फोडलेल्या फाकेत तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. मधला गाभा काढून टाकायचाच, चीर तिथूनच सुरू होते. मग वाकसाने (लाकूड तासायच्या हत्याराने) फाक आठ-कोनी करा, साधारण दोन इंच जाड. कोपरे लेथवरच काढीन म्हणाल तर प्रत्येक कोपरा पटाशीला ठोसा मारतो आणि दोरीही कापतो.

पायडल फूटभर खाली जातं, म्हणजे दोन इंची लाकूड एका दाबात जेमतेम दोन फेरे फिरतं. तेच सव्वा इंचावर आलं की तीन. म्हणून सुरुवातीला पातळ काप, घाई नाही. इंची गोल पटाशी, धारेचा उतार 25-30 अंश, आणि हा उतार लाकडावर टेकवूनच धार हळूच आत न्यायची. टेकू लाकडापासून दोन सुतांवर, म्हणजे पाव इंचावर. बरोबर कापत असेल तर ओल्या ढलप्या लांब रिबिनीसारख्या सुटतात. भुसा पडू लागला की थांबून धार लावा. दोरीखालचा भाग राहतो, त्यासाठी दोरी सरकवून बांधावी लागते.

पहिल्या फेरीत दीड इंचावर थांबा. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने जवळपास दुप्पट आकसतं, म्हणून ओलं कातलेलं गोल लाटणं वाळल्यावर लंबगोल होतं. शिल्लक ठेवलेले दोन सूत त्यासाठीच.

वाळवणं हीच इथली अवघड पायरी. दुपारी पारा 42 वर असताना उघड्यावर ठेवलेलं ओलं लाकूड बाहेरून वाळतं, आतून नाही. बाहेरचं आकसायला बघतं, आतलं सोडत नाही, आणि चीर पडते, तीही टोकांकडून, कारण पाणी तिथूनच सगळ्यात आधी पळतं. टोकांना वितळलेलं मेण लावा, लाटणं त्याच्याच ढलप्यांसकट गोणपाटात गुंडाळा, खोलीच्या थंड कोपऱ्यात ठेवा. ढलप्या दर दोन-तीन दिवसांनी उलथा, नाहीतर बुरशी येते. दिवाळी ते गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) हा काळ या कामाला उत्तम. एप्रिल-मेमध्ये ओंडका फोडला तर त्याच दिवशी कातायचा, किंवा ओल्या पोत्यात ठेवायचा. वाळलं कधी हे वजनकाट्यावर कळतं: आठवडाभर वजन उतरलं नाही की झालं.

दुसरी फेरी वाळक्या लाकडावर, सव्वा इंचापर्यंत. काप कागदाएवढे, धार वारंवार. गुळगुळीत लाकडावर दोरी घसरू लागली तर तिला थोडी राळ चोळा. शेंगापोळीसाठी (शेंगदाण्याचं कूट भरलेल्या पोळीसाठी) असेल तर टोकांना मुठी घडवू नका. मधे किंचित फुगीर, टोकांना निमुळतं, सरळ आणि वजनदार ठेवा. त्या पोळीत लाटण्याच्या वजनाने काम व्हायला हवं, हाताने दाबलं की कूट पापुद्रा फाडून बाहेर येतं.

शेवटी तेल. शेंगतेल लावू नका, ते कधीच सुकत नाही आणि खवट होतं. घाण्याचं कच्चं जवस तेल सुकतं: पातळ हात, अर्ध्या तासाने पुसायचं, तीन-चार दिवसांनी पुन्हा. रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' जवस तेल लवकर सुकतं, पण त्यात सुकवण्यासाठी धातूंची रसायनं घातलेली असतात. ते स्टुलाच्या पायांना लावा, लाटण्याला नको. आणि तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल सुकताना तापतं आणि असे बोळे आपोआप पेट घेतात. ते पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.