कांदा लासलगावचा, निर्णय दिल्लीचा

माझं माहेर चांदवड तालुक्यातलं, घरात कांदा पिकतो. नाशिकला अकरावीला राज्यशास्त्र शिकवताना मी थेट राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीपासून, म्हणजे केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या याद्यांपासून, सुरुवात करते आणि उदाहरण कांद्याचंच देते. शेती आणि बाजार हे राज्याचे विषय, म्हणून लासलगावची बाजार समिती राज्याच्या कायद्याखाली चालते. पण परदेशी व्यापार संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या यादीत, ४१व्या क्रमांकावर. त्यामुळे ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती दिल्लीहून. ती रोखायचा अधिकार मुंबईला नव्हताच.

मुलं विचारतात, मग दिल्लीला अडवायचं कोणी? हा प्रश्न मला फार आवडतो. त्या बंदीवर संसदेत मतदान झालं नव्हतं. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याने संसदेनेच सरकारला तो अधिकार देऊन ठेवलाय, त्यामुळे एका अधिसूचनेत काम झालं. करांचं मात्र तसं नाही. राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं, कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही. सरकारने तातडीने निर्यात शुल्क वाढवलं, तरी ती अधिसूचना संसदेसमोर ठेवावी लागते. आणि कलम २२६ खाली शेतकरीसुद्धा उच्च न्यायालयात जाऊ शकतो. न्यायालय कांद्याचा भाव ठरवत नाही; सरकारला अधिकार होता का, तो मनमानीने वापरला का, हे तपासतं.

मला खटकतं ते वेगळंच. पीक ज्या राज्यात, त्याचं मत आधी घेण्याचं बंधन केंद्रावर नाही. कलम २६३ नुसार १९९० मध्ये आंतरराज्य परिषद, म्हणजे केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसून चर्चा करायची जागा, स्थापन झाली आहे. कांदा पिकवणाऱ्या राज्यांशी तिथे आधी बोलणं व्हायलाच हवं.