तूप सोडून बघितलं

पंगतीत शेजारी बसणारं कुणी ना कुणी विचारतंच, 'एवढ्या सडपातळ तुम्ही, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला? तूप सोडून बघा की!' तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

बघितलं सोडून. आठ महिने वरणावर तुपाचा थेंब नाही, फोडणीलाही मोजून चमचा. एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, 248 होतं, ते 231 झालं. बस्स.

यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल उचलणारे रिसेप्टर असतात. ते शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल मिळालं. आमच्या घराण्यात त्या रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे. घंटागाडीच निम्म्या फेऱ्या मारत असेल, तर घरातला कचरा कितीसा कमी करणार? साधारण अडीचशे माणसांत एकाला हे असतं. बहुतेकांना पत्ताच नसतो.

अण्णांनाही नव्हता. त्यांच्या टाचेमागची धोंडशीर दोरखंडासारखी जाड होती. 'चप्पल घासून घट्टा पडलाय,' म्हणायचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेले. आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली, नजर लागली. पुढे वीस वर्षांनी डॉक्टरांनी मला पाठमोरी उभी केली, टाचेमागची शीर चिमटीत धरली आणि विचारलं, 'वडिलांच्या टाचा कशा होत्या?' तो घट्टा नव्हताच. कोलेस्टेरॉल साठलं होतं तिथे.

आता दोन गोळ्यांवर एलडीएल 104 आहे. ह्यांच्या मामेभावाचं दुखणं वेगळं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, 1400, नळीतलं रक्त दुधाळ, स्वादुपिंडाला सूज येऊन आठवडाभर दवाखान्यात. दारू, साखर, तेलकट सोडल्यावर त्याचा आकडा धाडकन उतरला. त्याचंच पथ्य लोक मला सांगत बसतात!

मुलांकडे हे जायची शक्यता निम्मी. लेक सुटली, मुलगा सापडला. आणि माझ्या भावाच्या डोक्यात काय, तर त्याची मुलगी माझ्या मुलाला द्यायची. आमच्याकडे मामाची मुलगी करतात. दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तर त्या लेकराचं एलडीएल पाचशेच्या वर जाऊ शकतं, आणि हार्ट अटॅक मिसरूड फुटायच्या आत. भाऊ तपासायला तयार नाही. 'सोयरिकीला नाट लागेल,' म्हणतो.

यंदा भाऊबिजेला ओवाळून झालं, तो पाटावरून उठून पाठमोरा झाला. नको म्हटलं तरी नजर टाचांवर गेलीच. त्याने पाचशेची नोट पुढे केली.

म्हटलं, 'ही ठेव. उद्या सकाळी माझ्याबरोबर लॅबमध्ये चल.'