तीन वाजेपर्यंतची निवडणूक

महापालिकेची निवडणूक लागली की नागपुरात तिच्याआधी आणखी एक निवडणूक होते. एकाच प्रभागातले, एकाच पक्षाचे सात-आठ इच्छुक तिकिटासाठी एकमेकांविरुद्ध उभे ठाकतात. या निवडणुकीला मतदारयादी नाही, मोजणी नाही, हरलेल्याला निकालाचा आकडा कळायची सोय नाही. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता ती संपते, आणि तिथून पुढे पंधरा दिवस तिची राख धुमसत राहते. बंडखोरी आणि भितरघात यांवर बातम्या भरपूर येतात, पण हे घडतं कसं, कुठल्या कागदावर आणि कुठल्या तासाला, हे फारसं लिहिलं जात नाही. म्हणून हा लेख.

अमेरिकेत या कामासाठी प्रायमरी असते. विस्कॉन्सिन राज्यानं 1903 मध्ये राज्यभरासाठी तसा कायदा केला आणि पुढं ती पद्धत देशभर पसरली. पक्षाचा उमेदवार सामान्य मतदार मत देऊन ठरवतात. भांडणं तिथंही टोकाची होतात, पण हरलेल्याला आपण किती मतांनी हरलो ते कळतं. शिवाय बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच जागेवर अपक्ष म्हणून उभं राहायला कायद्यानंच मनाई आहे. आपल्याकडे मोजणीही नाही आणि ही मनाईही नाही. नागपूरचं सगळं तिकीटनाट्य या दोन गोष्टींतून निघतं, असं माझं ठाम मत आहे.

पहिली ठिणगी पडते आरक्षणाच्या सोडतीत. नागपूर महापालिकेत 38 प्रभाग आणि 151 जागा. 37 प्रभाग चार-चार सदस्यांचे, एक तीन सदस्यांचा. निम्म्या म्हणजे 76 जागा महिलांच्या, त्यात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आरक्षण. सोडत निघाली की पाच वर्षं नाल्या, गडरलाइन आणि खडंजा करत फिरलेल्या माणसाची जागा एका चिठ्ठीनं जाते. मग तो शेजारच्या जागेकडे सरकतो, किंवा बायकोचं, वहिनीचं नाव पुढं करतो. तिथं आधीपासून कोणीतरी तयारी करत असतोच. म्हणजे भांडण उमेदवारांच्या स्वभावातून सुरू होत नाही. चार जागांत सहा जुने दावेदार कोंबले गेल्यामुळे ते सुरू होतं.

मग मुलाखती. शे-दोनशे समर्थक, ढोलताशे, जाडजूड फाइल. फाइलमध्ये केलेल्या कामांचे फोटो असतात. पक्षाच्या निवड मंडळासमोर मिळतात चार-पाच मिनिटं, आणि प्रश्न ठरलेले: खर्च किती करू शकता, तुमच्या समाजाची मतं किती, तिकीट नाही मिळालं तर काम करणार का? शेवटच्या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. त्या उत्तराला काडीची किंमत नाही, पण तेच उत्तर पुढं ‘यानं शब्द दिला होता’ म्हणून वापरलं जातं. मुलाखत देऊन बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतो, ‘भाऊ, कामाले लागा.’ एकाच जागेवरच्या चौघांना हे वाक्य ऐकायला मिळतं आणि चौघेही पदरचे पैसे लावून बोर्ड छापतात. सगळ्यात महागडी चूक इथं होते. ज्याचे दहा हजार गेले तो समजावला तर बसतो. ज्याचे सात-आठ लाख गेले तो बसत नाही.

आता मुख्य गोष्ट, एबी फॉर्म. ए फॉर्म म्हणजे उमेदवार ठरवायचा अधिकार कोणाच्या सहीला आहे, ते पक्षानं निवडणूक अधिकाऱ्याला कळवणं. बी फॉर्म म्हणजे त्या अधिकृत सहीनं दिलेलं उमेदवाराचं नाव. दोन्ही मूळ प्रत, शाईची सही. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालत नाही. आणि दोन्ही अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचायला हवेत. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेला बी फॉर्म म्हणजे नुसता कागद.

पक्ष हा कागद शेवटच्या रात्रीपर्यंत दाबून ठेवतात. कारण उघड आहे: आधी दिला तर तिकीट कापलेला माणूस दुसऱ्या पक्षात जाऊन तिथला बी फॉर्म आणेल. उशीर केला की त्याला वेळच उरत नाही. पण या हिशेबात एक खोट आहे. दुसरा पक्ष गाठायला वेळ नसला, तरी अपक्ष अर्ज भरायला वेळ लागत नाही, कारण शहाणा इच्छुक तो आधीच भरून ठेवतो. विधानसभेला एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. ज्यानं फक्त पक्षाच्या नावानं, एका सूचकाच्या सहीनं अर्ज भरला आणि बी फॉर्म आला नाही, त्याचा अर्ज छाननीत उडतो. ज्यानं दुसरा अर्ज दहा सूचकांचा भरला, तो रिंगणात राहतो. म्हणून नेत्याला बंडखोरीचा अंदाज घ्यायचा असेल तर इच्छुकाच्या भाषणाकडे बघू नये, त्याच्या अर्जावर सूचक किती आहेत ते बघावं.

बी फॉर्मवर आणखी एक रकाना असतो: मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला किंवा त्यानं माघार घेतली तर पर्यायी उमेदवार कोण. याला सगळे ‘डमी’ म्हणतात आणि हलक्यात घेतात. 2024 च्या लोकसभेला रामटेकमध्ये या रकान्याची किंमत दिसली. काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचं जातवैधता प्रमाणपत्र ऐन छाननीच्या वेळी रद्द झालं, अर्ज बाद झाला. पर्यायी म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचं नाव होतं. चिन्ह त्यांच्याकडे गेलं आणि ते निवडून आले. पुढं उच्च न्यायालयानं जात पडताळणी समितीचा तो निर्णय रद्द केला, पण निवडणूक तोवर होऊन गेली होती. या रकान्यात घरचंच नाव का टाकतात, ते यातून कळावं. तिथं पक्षातल्या स्पर्धकाचं नाव गेलं तर मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद होण्यात त्याचा सरळ फायदा असतो. पर्यायी उमेदवारानं स्वतःचा वेगळा अर्ज, वेगळं शपथपत्र आणि अनामत भरायला हवी, हे विसरणारेही आहेत. मुख्य अर्ज मंजूर झाला की एका सूचकाचा डमी अर्ज आपोआप बाद होतो. त्यावर दहा सूचक असतील तर तो अपक्ष म्हणून टिकतो आणि माघारीच्या दिवशी त्याला शोधत फिरावं लागतं.

आणि दोन बी फॉर्म? एकाच जागेवर दोन गटांनी दोघांना दिले तर? लोकसभा-विधानसभेच्या चिन्ह आदेशात याचं उत्तर आहे: आधीचा बी फॉर्म रद्द केल्याचं नव्या फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं असेल तर नवा ग्राह्य, तसं लिहिलंच नसेल तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तो पक्षाचा उमेदवार. त्यामुळे रांगेत आधी उभं राहण्यालाही अर्थ आहे. या वेळच्या महापालिका निवडणुकीत, 2 जानेवारी 2026 ला म्हणजे माघारीच्या शेवटच्या दिवशी, नागपुरात भाजपच्या एका उमेदवाराला त्याच्याच समर्थकांनी घरात कोंडून बाहेरून कुलूप लावलं. एकाच जागेवर दोघांना एबी फॉर्म गेला होता, पक्षानं याला माघार घ्यायला सांगितलं होतं आणि लोकांना ते मान्य नव्हतं. बातमी गमतीची म्हणून फिरली. मला त्यात गंमत दिसत नाही. पक्षानं न केलेली मोजणी वस्तीतली माणसं कुलपानं करू पाहत होती.

छाननीच्या दिवशी पक्षातला स्पर्धक स्वतः समोर येत नाही. हरकत दुसऱ्याच कोणाच्या नावानं येते. विषय ठरलेले: 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेलं तिसरं अपत्य, जातवैधता, अनधिकृत बांधकाम, कराची थकबाकी, शपथपत्रातला कोरा रकाना. या गोष्टी सख्ख्या स्पर्धकाइतक्या कोणालाच ठाऊक नसतात. थकबाकी नसल्याचा दाखला झोन कार्यालयातून आधी घेऊन ठेवावा आणि शपथपत्रात लागू नसलेल्या जागी ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावं. रकाना रिकामा सोडणं म्हणजे हरकतीला बोलावणं.

माघारीपर्यंतचे दोन-तीन दिवस मनधरणीचे. नाणी तीच: स्वीकृत सदस्यत्व (म्हणजे निवडणूक न लढता मिळणारं सभागृहातलं स्थान), एखादी समिती, पक्षाचं पद, पुढच्या वेळचं तिकीट. महापालिकेत स्वीकृत सदस्य आधी पाच होते, कायदा बदलल्यावर ते जास्तीत जास्त दहा झाले. दहा जागांचं आश्वासन किती जणांना जातं, ते इच्छुकांनी आपापसांत बसून मोजावं. ‘सहा वर्षांसाठी निलंबन’ या धाकात आता दम नाही, आणि त्याचं कारण जिल्ह्यातच आहे. 2019 ला रामटेक विधानसभा युतीत भाजपकडे गेली. शिवसेनेचे आशिष जयस्वाल अपक्ष लढले आणि जिंकले. 2024 ला तेच शिंदे गटाचे अधिकृत उमेदवार होते आणि समोर काँग्रेसचे बंडखोर राजेंद्र मुळक अपक्ष उभे होते, तर आघाडीची जागा ठाकरे गटाकडे होती. मुळक दुसऱ्या क्रमांकावर राहिले, आघाडीचा अधिकृत उमेदवार त्यांच्याही मागे. बंडखोर जिंकला की पक्ष परत बोलावतो, हे प्रत्येक कार्यकर्त्यानं डोळ्यांनी पाहिलंय.

काही वेळा पक्षच आपल्या उमेदवाराला सोडतो. डिसेंबर 2021 च्या नागपूर स्थानिक स्वराज्य संस्था विधान परिषदेत काँग्रेसनं भाजपमधून आलेल्या रवींद्र भोयर यांना उमेदवारी दिली आणि मतदानाच्या आदल्या दिवशी पाठिंबा अपक्ष मंगेश देशमुख यांच्याकडे वळवला. निकाल: भाजपचे चंद्रशेखर बावनकुळे 362, देशमुख 186, भोयर 1. हेच बावनकुळे 2019 ला मंत्री असताना कामठीचं तिकीट गमावून बसले होते. 2017 च्या महापालिकेत तर काँग्रेसची भांडणं इतकी उघडी होती की तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण यांच्यावर नागपुरातल्या सभेत शाई फेकली गेली. भाजप 108, काँग्रेस 29. त्या 29 जणांतही विरोधी पक्षनेता कोण, यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

पण उघड बंडखोर परवडला. त्याचं नाव, चिन्ह, मतं, सगळं दिसतं. भितरघात दिसत नाही, आणि चार सदस्यांच्या प्रभागात त्याला मोकळं रान आहे. मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात. पॅनल चौघांचं, पत्रक एक, गाडी एक. तिकीट कापलेला माणूस व्यासपीठावर बसतो, हार घालतो आणि रात्री वस्तीत सांगतो, ‘तिघांले द्या, चौथ्याचं तुमी पाहा.’ कधी पॅनलमधलाच उमेदवार म्हणतो, ‘मले एक द्या, बाकी तुमच्या मनानं.’ मतदानाच्या दिवशी हे आणखी साध्या रीतीनं होतं. मतदार चिठ्ठ्यांचा गठ्ठा घरीच राहतो. पोलिंग एजंटचा फॉर्म सकाळी सापडत नाही. एजंट दुपारी जेवायला जातो तो परत येत नाही. दुपारनंतर कोणाचं मत राहिलं ते सांगणारी खूण केलेली यादी टेबलावर नसते, त्यामुळे शेवटच्या दोन तासांत घरोघरी जाणारी पोरं नुसती बसून राहतात.

हे ओळखता येतं. निकालाची केंद्रनिहाय आकडेवारी मिळवायची आणि एकाच केंद्रावर आपल्या चौघांची मतं शेजारी शेजारी मांडायची. समजा एका केंद्रावर अ ला 410, ब ला 395, क ला 402 आणि ड ला 250. लगेच कोणावर बोट ठेवू नये. आधी समोरच्या पक्षाच्या ड ला त्यांच्याच पॅनलपेक्षा किती जास्त पडली ते बघावं. समोरचा ड त्या वस्तीतलाच, जुना, लोकांच्या उपयोगी पडणारा असेल तर फरक त्याचा आहे. पण ड ची मतं समोरच्याला न जाता अपक्षाकडे किंवा ‘नोटा’कडे गेली असतील, आणि हे फक्त एका कार्यकर्त्याच्या तीन-चार केंद्रांवर झालं असेल, तर काम झालेलं नाही. प्रभागभर सारखाच फरक असेल तर उमेदवार चुकला होता, कार्यकर्ते नाहीत.

मग उपाय? काँग्रेसनं 2014 च्या लोकसभेला काही मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेतलं, त्यात आपल्या शेजारचं वर्धा होतं. मतदार फक्त पक्षाचे पदाधिकारी होते, अमेरिकेसारखे सामान्य लोक नव्हेत. सागर मेघे जिंकले, चारुलता टोकस हरल्या. लोकसभेत मेघे भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले आणि काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. टोकस पक्षातच राहिल्या आणि 2019 ला त्याच मतदारसंघातून काँग्रेसच्या उमेदवार झाल्या. एका उदाहरणावरून नियम निघत नाही, तरी मोजून हरलेला माणूस निघूनच जातो ही भीती इथं खरी ठरली नाही.

महापालिकेसाठी याहून लहान गोष्ट जमण्यासारखी आहे. प्रभागातल्या बूथप्रमुखांची यादी सोडतीच्या आधी गोठवायची, म्हणजे ऐन वेळी कोणी आपली माणसं घुसवणार नाही. प्रत्येक जागेसाठी गुप्त चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठ्या सगळ्या इच्छुकांसमोर मोजायच्या आणि आकडे तिथंच वाचून दाखवायचे. पक्षाला तरी दुसरं नाव द्यायचं असेल तर कारण लेखी द्यावं, आणि हे सगळं अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान आठ दिवस आधी. दोन-चार जण दुसऱ्या पक्षात जातील, जाऊ द्यावेत. ते आठ दिवस मतदानापर्यंत आपल्या हातात असतात. एबी फॉर्म रात्री दोन वाजता हातात आलेल्या उमेदवाराला आधी स्वतःच्याच पक्षातल्या सहा घरांची दारं वाजवावी लागतात, आणि मतदारांकडे तो पोचतो तेव्हा प्रचाराचे जेमतेम दहा दिवस उरलेले असतात.